तालुक्याला गोळाफेकीचं एक सर्कल द्या, बाकीचं पोरी बघून घेतील

प्रति,
मराठवाड्यातल्या सगळ्या तालुका क्रीडा संकुल समित्या,
म्हणजे आमदारसाहेब, तहसीलदारसाहेब, क्रीडा अधिकारी, बांधकामाचे इंजिनिअर, आणि समितीवर नाव आहे पण मीटिंगला कधी दिसत नाहीत असे बाकीचे सदस्य

सा. न. वि. वि.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, कारण पत्र लांबलं की तुमच्यापैकी निम्मे खालपर्यंत येत नाहीत हे मला अनुभवानं माहितीय. आपल्या आठ जिल्ह्यांत जिथं जिथं तालुका क्रीडा संकुलाचा बोर्ड लागलाय, तिथं गोळाफेकीचं एक, फक्त एक, नियमात बसणारं सिमेंटचं सर्कल करून द्या. स्टेडियम मागत नाही, सिंथेटिक ट्रॅक मागत नाही (दिला तर नको म्हणणार नाही), ओपन जिम तर अजिबातच नको, आमच्याकडच्या ओपन जिमवर सध्या गोधड्या वाळायल्यात. सर्कल पाहिजे. दोन मीटर साडेतेरा सेंटीमीटर व्यासाचं, लोखंडी पट्टीचं, पुढं पांढरा स्टॉप बोर्ड असलेलं.

मी एका अनुदानित शाळेत खेळाची शिक्षिका आहे. गावाचं नाव टाकत नाही. टाकलं की उद्या हेडमास्तरांना फोन जाईल, आणि तसंबी कोणत्या तालुक्याचं नाव टाकलं तरी पत्रातला एक शब्द बदलावा लागणार नाही.

सप्टेंबर २०२५ मधे टोकियोला जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. बायकांच्या गोळाफेकीत नेदरलँड्सची जेसिका शिल्डर २०.२९ मीटर टाकून पहिली आली, अमेरिकेची चेस जॅक्सन २०.२१ वर राहिली, आणि न्यूझीलंडची मॅडिसन-ली वेश २०.०६ वर. पहिली ते तिसरी, सगळं मिळून २३ सेंटीमीटरचं अंतर, पोरांच्या कंपासपेटीतल्या पट्टीच्या साधारण दीडपट. जॅक्सनबाई याच्या आधी २०२२ आणि २०२३ अशी सलग दोनदा जगज्जेती, तेव्हा ती चेस इली नावानं खेळायची, आणि मधल्या पॅरिस ऑलिम्पिकला तिला फायनलसुद्धा गाठता आली नव्हती. असा हा खेळ आहे. सहा संधी, दरवेळी एक-दोन सेकंदाचं काम, आणि वर्षांची मेहनत आठ सेंटीमीटरनं इकडची तिकडं. आपल्याकडच्या बातम्यांत हे किती आलं ते विचारू नका, त्याच महिन्यात इकडं मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्या दुथडी भरून वाहायल्या होत्या, लोकांची जनावरं वाहून गेली, त्यामुळं त्या वेळी गोळाफेकीचं कुणाला सुचणार होतं. ते ठीक आहे. पण बाकीच्या वर्षीबी सुचत नाही ना.

आता तुम्ही म्हणाल टोकियोचं आणि आमच्या तालुक्याचं काय देणंघेणं. आहे, सांगते.

गोळा टाकायच्या दोन मोठ्या पद्धती. एक ग्लाइड, म्हणजे फेकायच्या दिशेला पाठ करून वाकायचं आणि एका पायानं मागच्या मागं सरकत पुढं येऊन फिरून फेकायचं. दुसरी स्पिन, थाळीफेकीसारखं सर्कलमधे गोल फिरून. न्यूझीलंडच्या व्हॅलेरी अ‍ॅडम्सनं ग्लाइडवर २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिम्पिक गोल्ड घेतली, चीनच्या गाँग लीजियाओनं २०२१ मधे झालेल्या टोकियो ऑलिम्पिकचं गोल्ड ग्लाइडवरच घेतलं, २०.५८ मीटर. आणि आता जमाना स्पिनचा आलाय, शिल्डर फिरते, जॅक्सन फिरते, पॅरिसला गोल्ड घेतलेली जर्मनीची येमिसी ओगुनलेये फिरते. आमच्या पोरी काय करतात? उभ्या राहून टाकतात. स्टँडिंग थ्रो. कारण सर्कल नाही. जमिनीवर फक्कीनं एक गोल आखायचा, तोबी दोरीला दगड बांधून, आणि काळ्या रानात त्याच्यात उभं राहून जेवढं जाईल तेवढं. ग्लाइड शिकवायला गेलं तर पाय सरकत नाही, ढेकळात अडकतोय. स्पिन शिकवायला गेलं तर बूट रुततो आणि गुडघा फिरतो, मग त्या लेकराच्या घरी जाऊन मी काय सांगू? म्हणजे आज जगात ज्या पद्धतीनं मेडल येतंय ती पद्धत आमच्या तालुक्यात शिकताच येत नाही, शिकवणारी असो की नसो, शिकणारीत किती दम असो.

उभ्यानं टाकणं आणि नीट ग्लाइड मारून टाकणं याच्यात चांगल्या थ्रोअरचा दीड-दोन मीटरचा फरक पडतोय. दीड मीटर म्हणजे किती हे जरा समजून घ्या, जिल्ह्याला पहिली आणि जिल्ह्याला आठवी याच्यात तेवढंच असतंय. आणि हे ताकदीचं नाही हो, वेगाचं आहे. गोळा हातातून सुटताना त्याचा वेग किती, हे सगळ्यात मोठं. २० मीटर जायला गोळा सेकंदाला साधारण साडेतेरा मीटरच्या वेगानं सुटावा लागतोय, आणि तोच वेग तेराचा झाला की गोळा एक मीटरपेक्षा जास्त अलीकडं पडतोय. अर्ध्या मीटरच्या वेगासाठी हा सगळा खटाटोप. तो वेग दंडातून येत नाही, पायातून येतोय, पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात, आणि हात सगळ्यात शेवटी. पाय सरकायला, दाबायला, अडवायला खाली घट्ट जमीन लागते. पुढं अडवायला स्टॉप बोर्ड लागतो, दहा सेंटीमीटर उंचीचा. त्याच्यावर आतल्या बाजूनं पाय टेकवला तर चालतो, वरच्या कडेला लागला की फाउल. हे सगळं अंगात बसायला हजारो वेळा त्याच सर्कलमधे उभं राहावं लागतंय.

आणि नाही राहिलं तर काय होतंय ते बघा. आमच्या शाळेतली एक पोर, बाप मोंढ्यात हमाल, त्यामुळं वजन उचलायची लाज त्या घरात नाही. शाळेच्या मैदानावर ही पोर जे टाकायची ते बघून शेजारच्या शाळेचे सर मला म्हणले मॅडम ही जिल्ह्याला कुणाला ऐकत नाही. मलाबी तेच वाटायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तिथं खरं सर्कल. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आधी वाकून हात लावून बघितला, मग बुटानं घासून बघितलं, मला म्हणली मॅडम हे तर घसरतंय. पहिला थ्रो, सवयीप्रमाणं पाय पुढं पडला तो थेट बोर्डाच्या वर, फाउल. दुसऱ्या वेळी बोर्डाला घाबरून मागूनच टाकायला गेली, तोल गेला, हात बाहेर टेकला, फाउल. तिसरा थ्रो असा गेला की तिथं ज्या पोरीला नंतर पहिला नंबर मिळाला तिच्या खुणेच्या पुढं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ही वेडी पोर स्वतःचाच गोळा बघत बघत समोरून बाहेर निघाली. लाल झेंडी. मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं असतंय हे मी तिला सांगितलेलं होतं, चांगलं घोकून घेतलेलं होतं, पण सांगितलेलं आणि अंगात बसलेलं याच्यात फरक असतोय. तीन फाउल, एकबी माप नाही, कागदावर त्या पोरीनं त्या दिवशी गोळा टाकलाच नाही. पंचांची काही चूक नाही, त्यांनी नियमानं केलं. चूक कुणाची ते तुम्ही ठरवा.

त्या पोरीनं परत येताना एसटीत एकच विचारलं, आपल्याकडं तसं करता नाही का येणार मॅडम. त्याचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही म्हणून हे पत्र.

शेवटच्या थ्रोचं महत्त्व किती आहे ते ऑलिम्पिकवाल्यांना विचारा. २०१६ ला रिओमधे अ‍ॅडम्स २०.४२ वर पुढं होती, तिसऱ्या गोल्डच्या दारात, आणि अमेरिकेच्या मिशेल कार्टरनं सहाव्या, म्हणजे शेवटच्या थ्रोला २०.६३ टाकला. पॅरिसला २०२४ मधे वेश १९.८६ वर पुढं होती आणि ओगुनलेयेनं सहाव्या थ्रोला बरोब्बर २०.०० टाकला. दोन्ही वेळा न्यूझीलंडवालीच्या हातातलं गोल्ड गेलं. तर सहाव्या थ्रोला असं काहीतरी करायचं म्हणजे पायाखालच्या सर्कलचा विचारसुद्धा मनात येता कामा नये. आमच्या पोरी पहिल्या थ्रोलाच बोर्ड कुठं आहे ते खाली वाकून बघायल्यात.

आणखी एक गोष्ट मनात खदखदतीय ती बोलूनच टाकते. आपल्या शाळांत गोळाफेकीला पोरगी निवडतात कशी? तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी वर्गात येऊन नजर फिरवायची आणि जी अंगानं भरलेली दिसेल तिला उठवायचं, तू चल गोळ्याला. झालं सिलेक्शन. पळणाऱ्या पोरी पळायला, उंच पोरी उडीला, आणि उरलेली जाड पोरगी गोळ्याला. ती बिचारी लाजेनं मान खाली घालून उभी, पोरं मागून हसायलीत. तिला आयुष्यभर खेळाचा राग यायला एवढं पुरतं. जिथं हे काम नीट चालतं तिथले कोच पोरीचा आकार बघत नाहीत, जागेवरून उडी किती मारते ते बघतात, गोळा दोन्ही हातांनी डोक्यावरून मागं किती फेकते ते बघतात, तीस मीटर पळायला किती वेळ लागतो ते बघतात. लंडनला १९४८ मधे बायकांची गोळाफेक ऑलिम्पिकमधे पहिल्यांदा आली, आणि पहिलं गोल्ड कुणी घेतलं? फ्रान्सच्या मिशेलिन ओस्टरमेयरनं, १३.७५ मीटर. ही बाई व्यवसायानं पियानो वाजवणारी, मैफिली करणारी. त्याच ऑलिम्पिकमधे तिनं थाळीफेकीचं गोल्ड घेतलं आणि वर उंच उडीत ब्राँझ. उंच उडीत! आता सांगा, ही बाई आपल्या वर्गात असती तर आपण तिला गोळ्याला उठवलं असतं का.

(जागतिक विक्रम मात्र अजून १९८७ चाच आहे, सोव्हिएत संघाच्या नतालिया लिसोव्स्कायाचा, २२.६३ मीटर. आज २० मीटरला गोल्ड येतंय म्हणल्यावर त्या काळात काय काय चालायचं याची लोक कुजबुज करतात, ती मी इथं करत बसत नाही.)

आता आपल्या देशाचं. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मेरठच्या किरण बालियाननं १७.३६ मीटर टाकून ब्राँझ आणलं. याच्या आधी या प्रकारात भारताच्या बाईला आशियाई स्पर्धेत मेडल मिळालं होतं ते १९५१ ला, दिल्लीच्या पहिल्याच स्पर्धेत. बहात्तर वर्षं मधे. किरणचे वडील पोलिसात हेड कॉन्स्टेबल, ट्रॅफिकला. त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्सला आभा खटुआनं १८.०६ टाकून सिल्व्हर घेतलं, मनप्रीत कौरच्या राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली, आणि २०२४ ला भुवनेश्वरमधे १८.४१ टाकून विक्रम एकटीच्या नावावर केला. म्हणजे आपला देश आणि जगातलं मेडल याच्यात सध्या दीड-दोन मीटर आहे. वर मी सर्कल नसल्यामुळं पोरींचे किती जातात म्हणलं होतं? मी काही असं म्हणत नाही की तालुक्याला सर्कल झालं की ऑलिम्पिक मेडल येईल, एवढी भोळी नाही मी. पण ज्या पोरी चौदाव्या-पंधराव्या वर्षी शिकायला पाहिजेत त्या शिकतच नाहीत, आणि एकोणिसाव्या वर्षी कुठल्यातरी अकादमीत गेल्या की तिथले कोच आधी सहा महिने त्यांचं उभ्यानं टाकणं मोडून काढायलेत.

साबळेचं उदाहरण देऊ नका. अविनाश साबळे आमचा, आष्टी तालुक्यातला, बीड जिल्ह्याचा, आमच्या काळजाचा तुकडा आहे. पण दरवेळी मीटिंगमधे कुणीतरी उठून म्हणतंच, बघा साबळेला काय सुविधा होत्या, जिद्द पाहिजे जिद्द. अहो पळायला रस्ता पुरतोय. आणि साबळेलाबी स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायची शर्यत, सैन्यात गेल्यावर मिळाली, आष्टीत तसला पाण्याचा खड्डा कुणी बांधून दिला नव्हता. जिद्दीनं सिमेंट तयार होत नाही.

आपल्याकडं गोळाफेकीत कुणीच नाही असंबी समजू नका. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव. २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला भारताचा झेंडा सुमित अंतिलबरोबर ज्यांच्या हातात होता त्या. एफ३४ या दिव्यांगांच्या गटात बसून गोळा टाकतात. टोकियो पॅरालिम्पिकला सातव्या, पॅरिसला ७.२८ मीटर टाकून पाचव्या, हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सिल्व्हर, कोबेच्या जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्सला पुन्हा सिल्व्हर. आपल्या मराठवाड्याची बाई साऱ्या जगासमोर देशाचा झेंडा घेऊन चालली आणि ती गोळाफेकीची खेळाडू आहे हे आमच्या तालुक्याच्या ठिकाणी दहा जणांना विचारून बघा. बसून टाकायच्या गोळ्याला काय लागतं माहितीय का? लोखंडी खुर्ची असते, गादीसकट पंच्याहत्तर सेंटीमीटरपेक्षा उंच चालत नाही, आणि ती खुर्ची जमिनीला पट्ट्यांनी आवळून बांधावी लागते, नाहीतर फेकताना खुर्चीच उलटते. बांधायला जमिनीत पक्के हूक लागतात, म्हणजे परत सिमेंट. सर्कल करताना बाजूनं चार हूक गाडून ठेवले तर तीच जागा दिव्यांग पोरापोरींच्या कामाला येते. वेगळा निधी लागत नाही, गवंड्याला आधी सांगावं लागतं एवढंच.

आता निधीवर येते, कारण तुम्ही येणारच. हिशोब मीच करून देते. सर्कलचं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त. पंधरा सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट म्हणलं तर अर्ध्या घनमीटरच्या थोडं पुढं, म्हणजे चार-पाच पोती सिमेंट, खडी, वाळू. भोवतालची लोखंडी पट्टी सहा मीटर एकाहत्तर सेंटीमीटर लांबीची, कोणताबी वेल्डिंगवाला वाकवून देतो. स्टॉप बोर्ड सुताराकडून लाकडाचा, एक मीटर एकवीस सेंटीमीटर लांब, आतून सर्कलच्या गोलाईत बसणारा, पांढरा रंग. तुमच्या संकुलाच्या कमानीवर जेवढी ग्रॅनाइटची अक्षरं लावलीत त्यातल्या दोन अक्षरांत बसेल बहुतेक.

फक्त करताना नीट करा, पाया पडते. आमच्या काळ्या मातीत नुसतं वरून काँक्रीट ओतलं तर उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगवटा, दोन वर्षांत तुकडे. खाली हात-दीड हात खोदून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा, मग ओता. सर्कलचा आतला पृष्ठभाग पट्टीच्या कडेपेक्षा दोन सेंटीमीटर खाली पाहिजे, आणि बाहेरची जमीन पट्टीच्या बरोबरीनं. पाणी निघून जायला भोकं ठेवा, नाहीतर ऑगस्टमधे तिथं बेडकं पोहतील. आणि गवंड्याला सांगा घोटून गुळगुळीत करू नको, त्याला वाटतं आरशासारखं केलं म्हणजे काम चांगलं, पण इथं बूट फिरलाबी पाहिजे आणि धरलाबी पाहिजे, लाकडी गुरमाळा मारून थोडं खरखरीत सोडायचं. सेक्टर, म्हणजे गोळा ज्या दोन रेषांच्या आत पडावा लागतो तो पट्टा, आखायला कोन मोजायची गरज नाही, नियमात ३४.९२ अंश लिहिलंय ते वाचून घाबरू नका, सर्कलच्या मध्यापासून दोन्ही रेषा वीस-वीस मीटर ओढायच्या आणि त्यांची टोकं एकमेकांपासून बारा मीटरवर आली की कोन आपोआप बरोबर. पुढची जागा सपाट ठेवा, उताराला गोळा टाकून लांब गेला म्हणून खुश व्हायला ही लग्नातली शर्यत नाही.

गोळ्यांचंबी बघा. अठरा वर्षांखालच्या पोरींना तीन किलोचा, मोठ्या गटात चार किलोचा. आमच्याकडं कपाटात जे गोळे आहेत त्यांच्यावर आकडा गंजून गेलाय, कुठला पोरांचा कुठला पोरींचा कळत नाही. मी एकदा सगळे पिशवीत भरून मोंढ्यात नेले आणि आडत दुकानाच्या काट्यावर ठेवले. तीन किलोचा म्हणून ज्यानं पोरी सराव करायल्या होत्या तो चारच्या वर निघाला. दुकानदार म्हणला मॅडम भाव काय लावू. टेपबी कापडी, ओढला की वाढतो. स्टीलचा टेप घ्या, गोळ्याच्या सर्वात जवळच्या खुणेपासून सर्कलच्या मध्यातून ओढून पट्टीच्या आतल्या कडेला माप वाचायचं, हे निदान तालुक्याच्या पंचांना एकदा बसवून शिकवा. फेकणारीच्या पायापासून माप घेतलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

क्रीडा विद्यापीठ आधी आमच्याकडं संभाजीनगरला करू म्हणाले, मग ते पुण्याला बालेवाडीला गेलं. गेलं तर गेलं, त्याच्यावर आता रडून उपयोग नाही, तो विषय तुमच्या हातातला नव्हताच. संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय संकुल आहे, ते चांगलंच आहे. पण देगलूरची, परांड्याची, सेनगावची पोरगी रोज तिथं सरावाला जाणार आहे का? एसटीचा पास शाळेपुरता मिळतोय.

घरच्यांचं म्हणाल तर ते माझ्यावर सोडा. खांदे रुंद होतील, लग्नाला अडचण येईल, ट्रॅक पँट कशाला, हे सगळं ऐकून घ्यायची मला सवय आहे आणि त्याची उत्तरंबी माझ्याकडं आहेत. एका आजीनं तर मला स्पष्ट विचारलं, घरात पाण्याच्या घागरी कमी आहेत का उचलायला, लोखंड कामून उचलायचं. मी म्हणलं आजी, घागर उचलली तर नोकरीत आरक्षण मिळत नाही, लोखंड उचललं तर खेळाडूंच्या पाच टक्क्यांत बसती. आजीनं दुसऱ्या दिवशी नातीच्या डब्यात दोन अंडी दिली. ही कामं मी करते. सिमेंटचं काम तुमचं.

तालुका स्पर्धा दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या चिखलातच लागतात, ते वेळापत्रक तुम्ही बदलू शकणार नाही. पण काँक्रीट पावसाळ्याच्या आधी ओतलं तर पाणी मारून पिकवायला वेळ मिळतो. म्हणून एप्रिल-मेच्या मीटिंगमधे हा विषय घ्या, ऐनवेळच्या विषयात टाकू नका, तिथं तो चहाबरोबर संपतो. नकाशा मी काढलाय, मापांसकट, एका फुलस्केपवर, तुमच्या ऑफिसात आणून देते. वेल्डिंगवाल्याशी बोलून ठेवलंय, माझा माजी विद्यार्थीच आहे, मजुरी घेणार नाही म्हणाला, पट्टीचे पैसे तेवढे द्या. आमच्या तालुक्यापुरतं म्हणाल तर जागा संकुलाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात आहे, जिथं सध्या जुन्या निवडणुकीचे बांबू पडलेत. ते बांबू तेवढे उचलायला सांगा.

आपली,
एक खेळाची शिक्षिका